बिब्ब्याच्या फुल्या

कुठंही सत्कार असला की माईकवरचा पोरगा हमखास सांगतो, सरांनी लहानपणी मेंढरं वळली, म्हणून समोरचा फॉरवर्ड कसा अडवायचा हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. लोक टाळ्या वाजवतात. मी शाल सावरतो. साफ खोटं आहे ते. मेंढरू अडवायला काही अक्कल लागत नाही, एकाला वळवलं की बाकीची त्याच्या मागं येतात. देशाकडून खेळताना माझ्यासमोर जे फॉरवर्ड आले त्यातला एकही असा शहाण्यासारखा वागला नाही. मला अडवायला शिकवलं ते रशीदचाचांनी, सेलूच्या स्टेशनामागच्या मोकळ्या मैदानावर, आणि तेही शिव्या घालून घालून. पुढं खेळणाऱ्यांचे गोल लोकांना पाठ असतात, आमची आठवण निघते ती चूक झाली तेव्हाच. तेव्हा डिफेंडरच्या पोरपणाचं कोण वाचणार, हे मला ठाऊक आहे. पण एक आठवडा असा गेला की त्यातून मी खेळाडू तरी होणार होतो नाहीतर कायमचा बाद. तेवढं लिहून ठेवतो.

आम्ही धनगर. बोरीच्या आसपासच्या शिवारात आमची मेंढरं फिरायची. पिकं निघाली की शेतकरी आबांना, म्हणजे माझ्या बापाला, बोलावून घ्यायचे, रात्री मेंढरं त्यांच्या रानात बसवायची, लेंड्यामुताचं खत व्हायचं आणि त्याबदली ज्वारी मिळायची. त्यामुळं आमचं घर म्हणजे आज या रानात तर चार दिवसांनी त्या रानात. घोड्यावर लादलेलं बाडबिस्तर, मेंढरांभोवती बांधायची वाघर, म्हणजे दोरीची जाळी, तीन दगडांची चूल आणि माय. माय जिथं चूल मांडेल ते घर. अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या ती अशा करायची की बांधावरून जाणारा माणूस थांबून विचारायचा, काय शिजायलंय. तिला सतत बोलायची सवय होती, मेंढरांशी, कुत्र्याशी, भाकरीशी. आणि मेंढरं रात्रभर खोकायची. माणसासारखं खोकतात ती. पुढं परदेशात चांगल्या चांगल्या हॉटेलांत उतरलो तेव्हा त्या शांततेत मला झोप लागायची नाही, खोकणारं कुणी नसायचं म्हणून.

मी शाळेसाठी सेलूला वसतिगृहात राहायचो. तिथं रशीदचाचा भेटले. रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचं काम. तरुणपणी हैदराबादेत खेळलेले, आणि ते हैदराबाद त्यांच्या अंगातून काही गेलं नव्हतं. ड्यूटी संपली की निळ्या डगल्यावरच मैदानावर यायचे. ‘‘बॉल कू नक्को देख रे, उसकी कमर कू देख,’’ असं ओरडायचे. माणूस पायानं फसवतो, नजरेनं फसवतो, पण कंबर जिकडं जाईल तिकडंच तो जातो. हे एक वाक्य मी पुढं आयुष्यभर खाल्लं आणि आता पोरांना वाढतो. त्यांनीच कुणाकुणाच्या हातापाया पडून मला जिल्ह्याकडून, मग राज्याकडून खेळवलं, आणि एका हिवाळ्यात बातमी आणली की देशाच्या ज्युनिअर संघाच्या शिबिराला माझं नाव आहे. शिबिर हैदराबादेत. चाचा त्या दिवशी रडले. मग डोळे पुसून दरडावून म्हणाले, हे गेलं तर पुढच्या साली तुझं वय बसत नाही आणि मोठ्या संघात परभणीचं पोरगं कुणी हुंगत पण नाही. एकच दार आहे.

आबांना फुटबॉल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की पोरगं सरकारचं खेळायला हैदराबादेला जायलंय. ज्या ज्या रानात मेंढरं बसवली तिथं तिथं त्यांनी ते सांगितलं होतं. माझ्याशी मात्र त्यांचा करार ठरलेला होता. ‘‘जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर काठी हातात घ्यायची अन् मेंढरामागं यायचं. मंग तोंड वाकडं करायचं न्हाई.’’ मी हो म्हटलं होतं. मेंढरांची मला लाज नव्हती. पण काठी घेऊन त्या काळ्या रानातून चालणारा मी स्वतःला दिसायचो.

शिबिराच्या आधी परभणीला एक साधा सामना होता, खेळलो नसतो तरी चाललं असतं. एकाला अडवताना माझा पाय जमिनीत रुतला आणि गुडघा आतल्या बाजूला पिरगाळला. चाचांनी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, घट्ट बांधलं, हलवून बघितलं आणि म्हणाले, ‘‘टूटा नहीं. आराम कर, उतर जायेगा.’’ मग मला सेलूला एसटीतून उतरवताना परत बजावलं, ‘‘किसी कू हाथ लगाने नक्को देना.’’ वसतिगृहात आराम कसला व्हायचा, खालून पाणी भरावं लागायचं. म्हणून मी मायजवळ गेलो. आज विचार केला तरी त्यात माझं काही चुकलं असं वाटत नाही. दुखतं तेव्हा माणूस आईकडंच जातो.

मी लंगडत बांध ओलांडला तेव्हा आबा एका मेंढीच्या खुरातला काटा काढत बसले होते. त्यांनी मेंढी सोडली आणि मलाच खाली बसवलं. गुडघ्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले. त्यांचा हात त्या भागात नावाजलेला. लंगडी मेंढी, मुरगळलेला बैल, कंबर धरलेला माणूस, सगळे त्यांच्याकडं यायचे. ‘‘पाणी झालंय आत,’’ म्हणाले. ‘‘बिब्बा लावतो. दोन दिसांत पळशील.’’

मी म्हटलं, ‘‘आबा, चाचा म्हणले, कुणाला हात लावू द्यायचा न्हाई.’’

‘‘कुणाला म्हंजे? मी कुणी हाय का?’’

 मायनं पण तेच म्हटलं, तुझ्या बापानं शंभर पाय नीट केले, तुझाच मोडंल का. आबांनी काळा बिब्बा सुईच्या टोकाला टोचला, चुलीच्या जाळावर धरला. तो चरचरायला लागला आणि त्यातून काळं तेल पाझरलं. त्या तेलानं गुडघ्याभोवती फुल्या काढल्या, एकीला एक लागून, बाई रांगोळी काढते तशा सावकाश. त्यांनी स्वतःच्या टाचांच्या भेगांत दर उन्हाळ्यात बिब्बा भरलेला, हाताला तर रोजच लागायचा. त्यांना कधी काही झालं नव्हतं. म्हणून कुणालाच काही होत नसतं, अशी त्यांची समजूत. दुसऱ्या दिवशी गुडघा होता तसाच. दिवस तर थोडे राहिलेले. आबांना घाई झाली, त्यांनी आणखी एक बिब्बा घेतला आणि फुल्यांवर फुल्या काढल्या.

संध्याकाळपर्यंत आग सुरू झाली. आधी खाज, मग कुणी मिरच्या वाटून थापल्यासारखं. मी म्हटलं, ‘‘आबा, लय आग व्हायलीय.’’ ते वाघर बांधत होते. मागं न बघताच म्हणाले, ‘‘आग व्हायलाच पायजे. त्याबिगर पाणी उतरत न्हाई. बिब्ब्यानं कुणी मेलं न्हाई, गप पड.’’ मी गप पडलो. बापाला दुसऱ्यांदा सांगायची आमच्यात रीत नव्हती. हल्ली माझ्या शिबिरात पोरं येतात, काही नाही सर, चालतंय म्हणतात. मी त्यांचं अजिबात ऐकत नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोटानं दाबतो आणि तोंडाकडं बघत राहतो. पोरं मला खडूस म्हणतात. म्हणोत.

सकाळी पाय बघून मायच्या हातातलं पातेलं खाली पडलं. बिब्बा उतला होता. मांडीपासून पोटरीपर्यंत पाण्यानं टरटरलेले फोड, काही फुटून वाहायलेले, आणि पाय केळीच्या खोडाएवढा. हातावर, मानेवर पण पुरळ आलं होतं. माय आबांवर तुटून पडली. इतकी वर्षं ती सगळ्यांशी बोलायची, पण आबांना उलट बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. ‘‘मेंढरू समजलास का लेकराला?’’ मग तिनंच तीळ वाटून लावले, लोणी लावलं, बोरीहून खोबरं आणवून मला खायला घातलं, भाजीतलं तिखटमीठ बंद केलं. आबा बांधावर जाऊन बसले. दिवसभर मेंढरांकडंही गेले नाहीत. मी पडल्या पडल्या त्यांची पाठ बघत होतो आणि मला त्यांचा इतका राग आला की त्यांनी परत कधी त्या बांधावरून उठू नये असं वाटलं. राग म्हणणंही कमीच झालं. माझं सगळं एका चुलीवर तापवून त्यांनी टाकून दिलं होतं.

तरी मी निघालो. घरी बसलो असतो तर काठी ठरलेलीच होती. आबांनी मला घोड्यावर बसवून एसटीपर्यंत नेलं आणि सेलूला रशीदचाचांच्या पुढ्यात उभं केलं. चाचांनी मला गुंडाळलेल्या आबांच्या धोतराचा सोगा बाजूला केला, पाय बघितला आणि प्लॅटफॉर्मवरच खाली बसले. ‘‘भिलावां?’’ एवढंच म्हणाले. बिब्ब्याला ते भिलावां म्हणायचे. मला वाटलं आबांना आता मारतात. चाचांचा आवाज उलट फारच हळू आला. ‘‘मेरे कू छुट्टी नहीं मिलती. तुम जाव इसके साथ. तुमने किया है, डॉक्टर कू तुमीच समजाव.’’ आबांनी जन्मात रेल्वेत पाय ठेवला नव्हता. ते खांद्यावरची घोंगडी आवळून माझ्यामागं डब्यात चढले.  गाडी हलली की फोड घासायचे, मी ओठ चावायचो आणि आबा खिडकीतून बाहेर बघायचे.

शिबिराच्या ठिकाणी एक लांबलचक हॉल होता, त्यात सगळ्या पोरांचे पलंग ओळीनं. मी आत पाय ठेवायच्या आत डॉक्टरांनी थांबवलं. तरुण माणूस, बंगालकडचा असावा, हिंदी बोलायचा. वाईट नव्हता. त्यानं दुरूनच बघितलं आणि म्हणाला, हे कातडीचं काहीतरी आहे, लागण होणारं असू शकतं, सगळी पोरं एका हॉलमध्ये झोपतात, मी हा धोका घेणार नाही. मी सांगितलं, औषधानं झालंय. कोणतं औषध? बिब्बा, भिलावां. त्यानं दोन्ही नावं ऐकलेली नव्हती. शिबिराचे मुख्य कोच मागं उभे होते, ते म्हणाले, डॉक्टर सांगतील तसं. माझ्या जागी बोलवायला दुसरं पोरगं तयारच होतं, त्याचं नावही त्यांनी तिथल्या तिथं घेतलं.

तेव्हा आबा पुढं झाले. त्यांची हिंदी म्हणजे मेंढ्या विकायच्या बाजारात शिकलेली. ‘‘साब, रोग नहीं ये. बिब्बा है. मय लगाया. देखो.’’ आणि त्यांनी कनवटीचा बिब्बा काढला. कधीही जवळ असायचाच. स्वयंपाकघरातून निखारा मागून आणला, सगळ्यांच्या देखत बिब्बा तापवला आणि स्वतःच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत फुल्या ओढल्या. ‘‘मेरेकू भी आएगा. तुम देखो.’’ डॉक्टरला त्यांची दया आली असावी. तो म्हणाला, ठीक, संध्याकाळपर्यंत बघू, तोवर पोरगा बाहेर बसेल.

आम्ही दिवसभर त्या आवारात एका भिंतीच्या सावलीला बसलो. आतून शिट्टी ऐकू यायची, बॉल लाथाडल्याचा धप्प आवाज यायचा, पोरं बंगालीत, मल्याळीत हसायची. आबा घटकेघटकेला हात उन्हात धरून बघायचे. काहीच नाही. मेंढरांच्या तेलानं, घोंगडीनं, उन्हानं रापून रापून ते कातडं असं झालं होतं की त्यात बिब्बा शिरेना. त्यांनी हात खाजवला, घासला, त्यावर थुंकी चोळली. काळ्या फुल्या तशाच कोरड्या राहिल्या. मी बघत होतो आणि एका बापाच्या हातावर फोड यावेत म्हणून मनातल्या मनात खंडोबाला विनवत होतो. असली विनवणी त्या देवाला आजवर कुणी केली नसेल.

संध्याकाळी डॉक्टर आला. हात बघितला. ‘‘तुम्ही म्हणता बिब्ब्यानं झालं, मग तुम्हाला का नाही झालं?’’ त्याचा प्रश्न बरोबरच होता.  सकाळच्या गाडीनं न्या म्हणाला, तोपर्यंत व्हरांड्यात झोपा. तो गेला आणि मी रडायला लागलो. आबांच्या समोर मी त्याआधी कधी रडलो नव्हतो. म्हणालो, ‘‘आता खुश का? घ्या, काठी द्या हातात.’’  आबा उठले आणि नळ, स्वयंपाकघर होतं त्या बाजूला गेले. मला वाटलं तोंड धुवायला गेले. बराच वेळ आले नाहीत. मी दमलेलो, तापही होता, तिथंच झोप लागली.

सकाळी मला हलवून उठवलं ते स्वयंपाकघरातल्या माणसानं. ‘‘तुम्हारे बाप कू क्या हुआ?’’ आबा भिंतीला टेकून बसले होते, आणि मी खरंच ओळखलं नाही. तोंड सुजून घागरीएवढं झालेलं, ओठ उलटलेले, डोळ्यांच्या जागी दोन चिरा. पापण्यांवर, कानामागं, गळ्याला, जिथं जिथं कातडं कोवळं राहिलं होतं तिथं तिथं त्यांनी बिब्बा लावला होता. पापणीवर तर तापता लावला होता. फोड फुटून गालावरून पाणी वाहत होतं. माझा सगळा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी त्यांना धरायला गेलो तर म्हणाले, ‘‘मला शिवू नगंस. आधी डाक्टरला बोलव.’’

डॉक्टर धावत आला. त्यानं माझा पाय बघितला, आबांचं तोंड बघितलं, परत पाय बघितला. तेच फोड, तेच पाणी, त्याच काळ्या खुणा. ‘‘देखो साब,’’ आबा म्हणाले, डॉक्टर उभा होता त्याच्या उलट्या बाजूला तोंड करून. ‘‘मेरेकू भी आया.’’ डॉक्टर त्यांना खूप बोलला. वेडे आहात का, डोळे गेले असते, अजूनही जातील. तो रागावला होता. स्वतः खाली बसून त्यानं आबांचे डोळे धुतले, थेंब घातले. मग कोचकडं वळून म्हणाला, मुलाला वेगळ्या खोलीत ठेवा, जखमा सुकेपर्यंत मी बघतो, नाव कापू नका. त्या खोलीत मी पडून राहिलो, उठलो, चाललो, आणि शिबिर संपायच्या आत पळालो. पुढचं ज्यांना फुटबॉल आवडतो त्यांना माहीत आहे.

डॉक्टर आबांना दवाखान्यात ठेवायचं म्हणत होता. आबा काही केल्या थांबेनात. मेंढरांजवळ माय एकटी आहे, लांडगं येत्यात, एवढंच सांगत राहिले. शेवटी स्वयंपाकघरातला माणूस त्यांना स्टेशनावर नेऊन सेलूच्या गाडीत बसवायला तयार झाला. मी खोलीच्या दारात पाय लांब करून बसलो होतो. आबा भिंत चाचपत माझ्यापर्यंत आले आणि हातानं माझं डोकं शोधलं. बोटं केसांत तशीच ठेवली.

‘‘खंडू.’’

‘‘जी आबा.’’

‘‘लय आग असती रं ह्याची. मला ठाव नव्हतं.’’ मग खाली वाकून, कुणी ऐकू नये अशा आवाजात विचारलं, ‘‘तुला बी अशीच झाली व्हती का?’’

मी म्हटलं, ‘‘न्हाई आबा. माझी एवढी नव्हती.’’

‘‘मंग बरं हाय,’’ ते म्हणाले. ‘‘मी रातभर त्येच म्हणायलो व्हतो, येवढं सोसलं का काय लेकरानं.’’